बेगमच्या पांढऱ्या भुवया

शारजाला नातीला भेटायला चालले आहे, असं मी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मला आयुष्यात एकदा तरी जिवंत डुइकर बघायचं होतं. पण हे बोलले असते तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ‘म्हणजे काय हो?’ असं विचारलं असतं, मी उत्तर दिलं असतं, आणि माझी उत्तरं सुरू झाली की लोकांना गॅसवर दूध ठेवल्याची आठवण होते.

तुम्हाला मात्र सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. डुइकर म्हणजे आफ्रिकेतल्या दाट जंगलातलं लहानसं हरीण. हरीण म्हणते ते सोयीसाठी. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, याची गळत नाहीत. बकरीसारखी जन्माला पुरतात. यातल्या सगळ्यात लहान जाती मोठ्या सशाहून थोड्याच मोठ्या. चाहूल लागली की डोकं खाली घालून झुडपात बुडी मारायची हा त्यांचा स्वभाव, आणि त्यावरूनच हे नाव पडलं. वर झाडावर माकडं फळं खातात तेव्हा ही खाली उभी राहून सांडलेलं वेचतात. नर-मादी जोडीने राहतात, बहुतेक वेळा मरेपर्यंत. त्यांच्या डोळ्यांखाली वास सोडणारी एक ग्रंथी असते. जोडीतली दोघं गालाला गाल दाबून तो वास एकमेकांना लावतात.

हे सगळं वाचलेलं. पुण्यातल्या एका जुन्या संग्रहालयात मी तीस वर्षं सस्तन प्राण्यांचा विभाग सांभाळला. इंग्रजांच्या काळात कोणाकोणा शिकारी साहेबांनी दिलेली आफ्रिकन कातडी आणि कवट्या तिथे खणाखणांत पडून होत्या. कोणालाच त्यात रस नव्हता, म्हणून माझ्या वाट्याला आल्या. डांबराच्या गोळ्यांच्या वासात बसून मी त्यातली लहान डुइकरं शिकले. त्यांच्या वर्गीकरणाचं भांडण फार जुनं आहे. नायजेरियाच्या पूर्वेपासून केनियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलं आहे ते निळं डुइकर. नायजेरियाच्या पश्चिमेला, पार सेनेगलपर्यंत, राहतं ते दुसरं. त्याचं नाव एका इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलंय, पण आपण त्याला पश्चिमेचं म्हणू. पश्चिमेचं थोडं थोराड, आणि त्याच्या डोळ्यांवर भुवयांसारखे फिके पट्टे. निळं लहान, पण प्रदेशागणिक इतकं वेगवेगळं दिसतं की त्याच्या पोटजाती किती यावर दोन शास्त्रज्ञांचं एकमत होत नाही. आमच्या धंद्यात दोन प्रकारची माणसं असतात. जरा फरक दिसला की वेगळी जात म्हणणारी, आणि सगळं एकाच जातीत कोंबणारी. मी पहिल्या पंथातली.

एक गोष्ट आणखी सांगते, मला आवडत नाही तरी. नोकरीच्या सुरुवातीला मी अशाच एका कातड्यावर टिपण लिहिलं. कातड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर आफ्रिकेतल्या एका बंदराचं नाव होतं. मी नकाशावर त्या बंदराशी एक ठिपका दिला आणि या जातीचा प्रदेश इथवर पसरला आहे असं ठणकावून छापलं. पुढे एका परिषदेत एका परदेशी गृहस्थांनी भर सभेत, अगदी गोड हसून सांगितलं, की बाई, त्या बंदराच्या आसपास जंगलच नाही. माल जिथून बोटीत चढला ते ठिकाण चिठ्ठीवर लिहिलंय. सभा हसली. तो ठिपका अजूनही एका जाड पुस्तकात आहे. तेव्हापासून मी कागदावर विश्वास ठेवणं सोडलं. खरं काय ते जनावराच्या अंगावर लिहिलेलं असतं, असं मी विद्यार्थ्यांनाही सांगत आले.

शारजा

पहिली फजिती पुण्याच्या विमानतळावरच झाली. हातातल्या पिशवीत कवटी मोजायचा माझा जुना कॅलिपर होता, टोकदार जबड्याचा. सुरक्षेच्या मुलीने तो बाहेर काढून विचारलं, “काकू, हे काय?” मी म्हटलं, “हरीण मोजायचं.” तिने वरिष्ठाला बोलावलं, वरिष्ठाने आणखी वरिष्ठाला, आणि शेवटी कॅलिपर तिथेच राहिला. तीस वर्षांचा सोबती कचऱ्याच्या डब्याशेजारच्या ट्रेमध्ये टाकून मी विमानात बसले. हे काही चांगलं लक्षण नाही, असं मला वाटलं होतं. विज्ञानाच्या माणसाने असं म्हणू नये, पण वाटलं.

माझा मुलगा निनाद नोकरी दुबईत करतो आणि राहतो शारजात, कारण तिथे घरं परवडतात. त्याची किंमत तो रोज रस्त्यावर चुकवतो. सकाळी सहाला निघतो, कारण साडेसहाला निघालं तर गाड्यांच्या रांगेत दाढी वाढते. इमारती अशा एकमेकींना चिकटून उभ्या की स्वयंपाकघरातून समोरच्यांची फोडणी ओळखू येते. सूनबाई त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने मस्कतला होती. इरा, माझी दहा वर्षांची नात, मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत होती, आणि मी तिच्या प्रत्येक इंग्रजी उत्तराला मराठीत प्रश्न विचारत होते. आमचं छान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नितीन आला. निनादचा कॉलेजातला मित्र, मूळचा ठाण्याचा. रास अल खैमाच्या बाहेर एका वृद्ध अरब गृहस्थांचं खाजगी प्राण्यांचं फार्म आहे, तिथला सगळा कारभार हा बघतो. डुइकरांची खबर मला त्यानेच दिली होती. पोह्यांची बशी हातात घेऊन त्याने एका दमात सगळं मांडलं.

“काकू, सिच्युएशन अशी आहे. अरबाब, म्हणजे फार्मचे मालक, आता थकलेत, मुलांना फार्ममध्ये इंटरेस्ट नाही. मंथ एंडला जागा हँडओव्हर, खलास. ओरिक्स गेले, गझेल गेल्या, सगळ्यांची सोय झाली. फक्त ही दोन छोटी राहिलीत. युरोपातलं एक झू घ्यायला तयार आहे, त्यांच्याकडे ब्लू डुइकरचा ब्रीडिंग प्रोग्राम आहे. पण त्यांना एक्स्पर्टचं लेटर हवंय, की दोन्ही ब्लूच आहेत.”

“आणि नसली तर?”

“तर जे ब्लू आहे ते जाईल, दुसरं राहील. त्याला इथेच कुणाच्या तरी बकऱ्यांच्या फार्मवर देऊन टाकावं लागेल.”

“डीएनए तपासा की. केस पाठवा.”

“पाठवायचेत ना. पण रिपोर्टला दोन-तीन महिने म्हणतात. आपल्याकडे अडीच आठवडे. आणि तुम्ही ‘खात्री नाही’ असं लिहिलंत ना काकू, तर दोघांचंही अडकेल. परवान्यावर जातीचं नाव लागतं.”

इरा टॅबलेटमधून डोकं वर काढून म्हणाली, “बट दे आर अ कपल, राइट?”

“अकरा वर्षं एकत्र आहेत,” नितीन म्हणाला.

“देन जस्ट राइट दॅट, आजी.”

मी तिला म्हटलं, असं नुसतं लिहून चालत नाही. ती खांदे उडवून पुन्हा टॅबलेटमध्ये शिरली.

हमरिया

फार्मवर जायच्या आधी जुने कागद बघावेत, असा आग्रह माझाच. कागदावर विश्वास नाही म्हणणारी बाई कागद बघायला का निघाली, असं निनादने विचारलंच. त्याला म्हटलं, खोटं कुठे आहे ते कळायलाही कागद लागतात.

ही दोन जनावरं ज्याच्यामार्फत देशात आली तो एजंट हमरियाच्या फ्री झोनमध्ये बसतो. शारजापासून उत्तरेला समुद्राच्या कडेने गेलं की गोदामं सुरू होतात. सगळी एका रंगाची, सगळ्यांवर तीच धूळ. सकाळी धुकं होतं आणि क्रेनची फक्त वरची टोकं दिसत होती. धुकं म्हटलं की आपल्याला थंडी, शेकोटी असलं काही आठवतं. इथल्या धुक्याला डिझेलचा वास होता.

हे एजंट थॉमसभाई साठीचे, केरळचे, आता फक्त जनावरांच्या चाऱ्याचा धंदा करतात. ऑफिसात गवताच्या गठ्ठ्यांचा वास आणि भिंतीवर नातवंडांचे फोटो. आल्याआल्या कागदी कपात करक चहा आला, एवढा गोड की चमचा उभा राहावा. फाईल त्यांनी आधीच काढून ठेवली होती. मी चष्मा पुसून वाचलं. निळं डुइकर, एक जोडी. आणि मूळ ठिकाणाच्या रकान्यात पुन्हा एका बंदराचं नाव.

सभा हसली तो आवाज मला आजही ऐकू येतो, आणि त्या गवताच्या वासातही आला.

“ये तो बंदर है,” मी माझ्या पुणेरी हिंदीत म्हटलं. “जानवर जंगल में से आता है, बंदर में से नहीं आता.”

थॉमसभाई हसले. “मैडम, जहाज में माल जिधर से चढ़ा, वही लिखता है. जंगल का नाम किसको मालूम?”

“और जोड़ी? एक ही जगह से पकड़ी हुई?”

त्यांनी कप खाली ठेवला. “सच बोलूँ? उस टाइम पार्टी लोग जोड़ी माँगता था. अकेला जानवर कोई नहीं लेता था. तो सप्लायर जोड़ी बना देता था. एक इधर का, एक उधर का, दिखने में सेम. कस्टमर को क्या मालूम.”

“इन दोनों का भी ऐसा ही है?”

“इतना पुराना याद नहीं, मैडम. होगा भी, नहीं भी होगा. इन्शाल्ला सेम होगा.”

परतताना मी मनाशी पक्कं केलं होतं. एका व्यापाऱ्याने दोन अनोळखी जिवांना एका कागदावर बसवून जोडी करून टाकली. आता याचा छडा लावायचाच. मला त्या क्षणी उत्साह वाटत होता हे कबूल करते. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला कामाचं काही विचारत होतं.

रास अल खैमा

फार्मच्या वाटेवर, हमरियाहून पुढे, वाळू हळूहळू तांबूस होत जाते आणि मग अचानक डोंगर उभे राहतात. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना ते सोलून ठेवल्यासारखे वाटतात. कुठे गवताची काडी नाही. सिमेंटच्या कारखान्यांच्या बाजूने जाताना हवा पांढरट होती. नितीन म्हणाला, घरातल्या फर्निचरवरून सकाळी बोट फिरवलं तर संध्याकाळी पुन्हा फिरवता येतं.

फार्म डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि जवळजवळ रिकामं झालेलं. मोठमोठी कुंपणं, आत कोणी नाही. पाण्याच्या कोरड्या टाक्या. एका फाटकाला प्राण्याच्या नावाची पाटी अजून लटकत होती. लग्नाचा मांडव दुसऱ्या दिवशी सोडताना दिसतो तसं ते सगळं दिसत होतं, आणि मला उगाचच रडू येईलसं झालं.

बशीरभाईंनी दार उघडलं. पाकिस्तानातल्या स्वातचे. पन्नाशी उलटलेली, मेंदीने लाल केलेली दाढी, पायात रबरी चपला. या जनावरांना पहिल्या दिवसापासून त्यांनीच सांभाळलं होतं. मी पिशवीतून शारजाच्या बाजारातली पपई आणि केळी काढली. त्यांनी पपई हातात घेऊन दाबून बघितली आणि परत पिशवीत ठेवली.

“ये कच्ची है, मैडम जी. बेगम कच्ची नहीं खाती.”

“बेगम कोण?”

“नवाब और बेगम,” ते म्हणाले, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक असावं.

आत सावलीसाठी जाळी टाकलेली, खाली खजुराच्या झावळ्यांचे ढीग. मी वाकून उभी राहिले. काही दिसेना. मग झावळ्यांमधून एक काळं ओलं नाक आलं, मग कान, आणि मग ते पूर्ण बाहेर आलं. गुडघ्यापेक्षा कमी उंचीचं, राखाडी, पाय पेन्सिलीसारखे. शेपटी सारखी वरखाली, तिच्या कडेचे पांढरे केस चमकत होते. हा नवाब.

तीस वर्षं मी याला चपटं, पेंढा भरलेलं, कानात छिद्र पाडून चिठ्ठी बांधलेलं बघत होते. ते श्वास घेताना बरगड्या हलतात, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मी तोंडावर हात धरून उभी राहिले. बशीरभाईंनी भलतीकडे बघितलं, एवढे ते सभ्य.

मग बेगम आली. ती हळू चालत होती. नवाबाहून थोराड, पोट सुटलेलं, आणि डोळ्यांवर दोन स्पष्ट फिक्या भुवया. ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. शेपटीही नवाबासारखी हलत नव्हती, कडेचे पांढरे केस जवळजवळ नव्हतेच.

ती नवाबाजवळ गेली. त्याने मान कलती केली आणि दोघांनी गालाला गाल दाबला. आधी डावा, मग उजवा. सावकाश, डोळे अर्धवट मिटून. पुस्तकात या कृतीला एक लांबलचक नाव आहे. ते मला तेव्हा आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी उच्चारायची लाज वाटली असती.

मी बशीरभाईंना प्रश्न विचारायला लागले. पिल्लं?

“एक बार हुआ था. मरा हुआ,” ते म्हणाले. “बेगम तीन दिन उसके पास से नहीं उठी.”

मी वहीत लिहिलं: एकच पिल्लू, मृत. जाती वेगळ्या असल्या की असं होतं, असं मी मनात जोडलं.

“ये इससे बड़ी है,” मी म्हटलं.

“बड़ी नहीं, मोटी है. खजूर बहुत खाती है.”

“और ये आँख के ऊपर सफेद?”

“वो तो अब हुआ, मैडम जी. पहले नहीं था. बुढ़ापा है. मेरी दाढ़ी भी तो सफेद है, मेहंदी है इसलिए दिखती नहीं.” ते हसले. “पूँछ के बाल भी झड़ गए.”

मी पण हसले. वहीत यातलं काहीच लिहिलं नाही. माणसं आपल्या लाडक्या जनावराबद्दल असंच बोलतात, असं मला वाटलं. आमच्या शेजारणीला तिचा बोका वाघासारखा दिसतो. मी फूटपट्टीने उंची घेतली, दोघांचे थोडे थोडे केस उपटून दोन पाकिटांत भरले, पाकिटांवर नावं घातली. बेगमने केस उपटताना हू की चू केलं नाही. बशीरभाईंनी तिचं तोंड आपल्या तळहातात धरलं होतं.

दुपारी त्यांच्या खोलीत जेवलो. तंदूरची मोठी रोटी, मसूर, कांदा आणि लोणच्यासारखं काहीतरी झणझणीत. ताट एकच, मध्ये. आपल्याकडे पाहुण्याला वेगळं पान वाढलं नाही तर अपमान. तिथे वेगळं वाढलं तर अपमान. मी मांडी घालून एकाच ताटात जेवले, आणि एवढं चवदार मी त्या सगळ्या प्रवासात दुसरं काही खाल्लं नाही. जेवताना बशीरभाई म्हणाले की फार्म बंद झालं की तेही घरी जाणार. व्हिसा संपतोय.

“ये दोनों साथ चले जाएँ, बस. फिर मैं भी आराम से जाऊँ.”

नितीन ताटाकडे बघत राहिला. मी पाणी प्यायले.

पुन्हा शारजा

पत्र मी निनादच्या जेवणाच्या टेबलावर लिहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. निनादला सुट्टी होती. तो समोर बसला.

“आई, तुला शंभर टक्के खात्री आहे?”

“आहे.”

“म्हणजे जर तू दोन्ही ब्लू लिहिलंस तर कुणाचं काय नुकसान होणार आहे? म्हातारी आहे ती. तिला आता पिल्लंसुद्धा होणार नाहीत.”

“उद्या त्यांच्या नोंदीत चुकीची जात जाईल.”

“नोंदीत ना! तिथे नुसतं नाव असेल. इथे दोन जनावरं आहेत.”

मी चिडले. म्हटलं, मी एकदा कागदावर विश्वास ठेवून खोटं छापलंय, माझ्या हातून पुन्हा ते व्हायचं नाही. माझा आवाज चढलेला ऐकून इरा खोलीतून आली. तिला फोनवरचा व्हिडिओ दाखवला होता, गालाला गाल लावतानाचा. ती टेबलाच्या कडेला उभी राहून म्हणाली, “आजी, विल ही नो व्हेअर शी वेंट?”

“नाही कळायचं,” मी म्हटलं.

“दॅट्स वर्स,” ती म्हणाली.

मी लिहिलं. नर: निळं डुइकर. मादी: पश्चिमेकडील जातीची, डोळ्यांवरील पट्टे, शरीराचा आकार व शेपटीच्या कडा यांवरून. खाली सही, आणि सहीखाली पूर्वीचा हुद्दा. नितीनने पत्र स्कॅन केलं आणि “ओके काकू, थँक्स,” एवढंच म्हणाला. केसांची पाकिटं त्याच झूच्या प्रयोगशाळेकडे गेली. ती मीच आग्रहाने पाठवायला लावली, म्हणजे माझं म्हणणं कायमचं पक्कं होईल.

उरलेले दिवस आम्ही शहाण्या पाहुण्यांसारखे फिरलो. समुद्रकिनारा, मासळीबाजार, एक प्रचंड मॉल, ज्यात मी दोनदा हरवले. निनाद प्रत्येक वस्तूचे दिरहम सांगून लगेच रुपये करून दाखवायचा. इरा माझा हात धरून चालायची, पण त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुणे

परत आल्यावर दहाबारा दिवसांनी नितीनचा निरोप आला. नवाब युरोपला गेला. पेटीत शिरताना सारखा मागे वळत होता. बेगमला एका बकऱ्यांच्या फार्मवर पाठवलं. बशीरभाई तिला पोचवून दुसऱ्या दिवशी घरी रवाना झाले.

तीन आठवड्यांनी कळलं की बेगम गेली. तिथल्या माणसाने सांगितलं, खात नव्हती. भिंतीच्या कोपऱ्याला गाल घासत उभी राहायची. मी स्वतःला समजावलं की तिचं वय झालं होतं. समजावताना माझ्याच तोंडून वय हा शब्द आला, आणि तरी मला काही उमगलं नाही, याचं मला आता आश्चर्य वाटतं.

रिपोर्ट त्यानंतर आला. नितीनने तो काही न लिहिता नुसता पुढे पाठवला. मी दोनदा वाचला. दोन्ही नमुने निळ्या डुइकराचे. दोन्ही एकाच प्रदेशातले.

म्हणजे कागद खरा होता. मला ठाऊक असलेल्या सगळ्या कागदांतला हा एकच कागद खरा निघाला, आणि मी नेमका त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

मी तशीच रिक्षा करून संग्रहालयात गेले. नव्या क्युरेटर मुलीने चावी दिली. खण उघडले. एकेक कातडं हातात घेऊन बघितलं. सगळी तरुण. एकाच्याही डोळ्यांवर पांढरा केस नाही. नसणारच. जंगलात डुइकर म्हातारं होत नाही. बिबट्या, गरुड किंवा फास, कोणीतरी आधीच त्याला गाठतं. तीस वर्षं मी हा खण उघडत होते, आणि म्हातारं डुइकर कसं दिसतं हे मला माहीत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही. ती माहीत असलेला जगात बहुधा एकच माणूस मला भेटला होता, आणि मी त्याच्या रोटीवर ताव मारून, त्याचं बोलणं वहीत न लिहिता निघून आले होते.

बशीरभाईंचा स्वातचा नंबर नितीनने दिला. दोन दिवस मी तो नुसता बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी लावला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. दोघं एकच होती. माझी चूक झाली. ती भुवई नव्हती, ते वय होतं.

पलीकडून त्यांचा आवाज आला, तसाच सभ्य, जराही न चढलेला.

“मैंने बताया तो था, मैडम जी.”